मोहिनीचा वाफा

व्यंकटराव हट्ट्याहून पुसेगावला आमच्या दारात आला तवा त्याच्या हातात ताट होतं अन् ताटावर जरीचा रुमाल. मला वाटलं, आता हा कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलणार. तो बागायतदार, आमी मेंढ्यावाले धनगर, आमची त्याची सोयरीक व्हायची न्हाई हे मला बराबर ठाऊक होतं. तरी ताट बघितलं की माणसाचं मन जातंच. मी पदर सावरला. माझा भाऊ भुजंग, त्यानं बाज टाकली. व्यंकटराव बसला, ताट मांडीवर घेतलं अन् रुमाल काढला. ताटात हळदीचा गड्डा होता, मातीसकट, तान्ह्या लेकराएवढा.

"तीन किलो दोनशे," तो म्हणला. "एकल्या गड्ड्याचं वजन. त्या वाफ्यातले सगळेच असे निघाले."

"बरं झालं की," भुजंग म्हणला. "मेंढ्यांचं खत लागलं."

"मेंढ्या सगळ्या रानात बसल्या होत्या, भुजंगा. गड्डे मातर एकाच वाफ्यात आले. कोपऱ्यातल्या. तिथं कोण झोपत होतं?"

भुजंगची बायको चांगुणा चुलीपुढून उठून दारात आली अन् तिथंच थांबली. तिथं कोण झोपत होतं हे आमाला तिघांनाबी ठाऊक होतं. त्यांची पोरगी मोहिनी झोपत होती, अन् ती रोज अंथरुणात मुतत होती.

"यंदा दहा मेंढ्या कमी आणल्या तरी चालतील," व्यंकटराव म्हणला. "पोरगी मातर आणा."

आता तुमाला आमचं काम सांगाया पायजे, न्हाईतर तुमी म्हणाल हे लोक येडे हायत. येडे हायतच, पण त्याला कारण हाय. उन्हाळ्यात पिकं निघाली की रानं मोकळी होतात, अन् हळद लावायच्या आधी शेतकरी आमाला बोलवतात. आमी रानात मेंढ्या बसवतो. म्हंजी सांजच्याला वाघर उभी करायची, वाघर म्हंजी ती गोल जाळी, त्यात कळप कोंडायचा, अन् मेंढ्यांनी रातभर निवांत लेंड्या टाकायच्या, मुतायचं. दुसऱ्या दिवशी जाळी पुढं सरकवायची. असं करत सगळं रान खतवायचं, अन् शेतकऱ्यानं आमाला धान्य द्यायचं, चारा द्यायचा. माझा बाप हेच करत होता, त्याचा बाप हेच करत होता. मुताला किंमत हाय हे आमाला कुणी शिकवाया लागत न्हाई.

पण ती मेंढीच्या. लेकराच्या मुताला आमच्या घरी माझ्या शिव्या होत्या.

मी भुजंगची थोरली बहीण, भागाबाई. मालक वारल्यापून भावाकडंच असते. भुजंग अन् चांगुणा आठ महिने मेंढ्यांमागं रानोमाळ, अन् मोहिनीची शाळा पुसेगावला, म्हणून लेकरू माझ्याजवळ. तिला दहावं लागलं तरी आठवड्यातून पाच-सहा दिवस गोधडी ओली. अन् माझं तोंड असं हाय की ते एकदा सुरू झालं की मलाच थांबवता येत न्हाई. मी तिला काय काय केलं ते सांगते, लपवत न्हाई. दिवस मावळला की पाण्याचा तांब्या लपवून ठेवायचे. गळ्यात ताईत बांधला, तो ओला झाला तर दुसरा बांधला. अन् एकदा तर ओली गोधडी घरामागं न टाकता रस्त्याच्या कडंच्या कुंपणावर टाकली, शाळेत जाणाऱ्या पोरींना दिसंल अशी. मोहिनी त्या दिवशी शाळेतून आली, गोधडी काढली अन् घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवली. मी काहून एवढी चिडायचे ते मला ठाऊक होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मातर आमी दोघी मेंढ्यांकडं जायचो, अन् तिथं लेकरू सुखात राहायचं. वाघरीच्या एका कोपऱ्यात भुजंग तिचं अंथरूण टाकायचा. भोवती दोनशे मेंढ्या रातभर तेच काम करून राहिलेल्या, त्यात हिचं कोण बघतंय. गेल्या साली हट्ट्याला व्यंकटरावाच्या रानात अशीच झोपली. तो कोपरा पाइपलाइनीच्या वॉलपाशी, म्हंजी पाणी सोडायच्या चावीपाशी होता, म्हणून जाळी सरकली तरी आमी आमचा बिऱ्हाडाचा कोपरा हलवला न्हाई. महिनाभर एकाच जागी. तो हा वाफा.

एवढ्या बोलण्यात मोहिनी शाळेतून आली. व्यंकटराव बाजेवरून उठून उभा राहिला. पन्नास एकरांचा धनी, माझ्या भाचीला बघून उभा राहिला. तिनं गड्ड्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं, अन् दप्तर घेऊन आत गेली.

त्याच महिन्यात तिचा निकाल लागला. हिंगोलीला मुलींची निवासी शाळा हाय, परीक्षा देऊन घेतात, राहायचं खायचं तिथंच. पाचवीसाठी मोहिनी पास झाली. पुसेगावातून ती एकलीच. गुरुजी पेढे घेऊन आले, चांगुणा रडली, भुजंगानं निकालाचा कागद उलटा धरून लई वेळ वाचला. मोहिनी मातर त्या दिवसापून जेवण टाकाया लागली. मी विचारलं तर म्हणली, "आत्या, तिथं चाळीस जणी एका खोलीत झोपतात."

"मंग?"

"मंग काय. मला जायचंय. पण कोरडी होऊन जायचंय."

जूनच्या पंधरा तारखेला शाळा सुरू. तिच्या हातात अडीच महिने होते. मी तिला म्हणले, होईल बाई, अन् सवयीनं तांब्या लपवला.

मे महिन्यात आमी हट्ट्याला गेलो. यंदाचं रान दुसरं होतं, बांधापलीकडचं, तीन एकर. व्यंकटरावानं तिथं आधीच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, नऊ हातांवर एक, ओळीनं. भुजंगला वाटलं नवीन ठिबकाची आखणी असंल.

"ठिबक न्हाई," व्यंकटराव म्हणला. "रोज एक खुंटी. आज इथं झोपंल, उद्या तिथं. मी मोजून बघितलं, सगळं रान व्हायला दोन वरीस लागतील. सुट्ट्या धरल्या तर जास्त."

मी म्हणले, "व्यंकटराव, लेकरू हाय ते, टँकर न्हाई."

तो हसला न्हाई. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापून त्याच्या घरून सांजच्याला लिंबू सरबत येऊ लागलं. मोठा पितळी तांब्या भरून. तिसऱ्या दिवशी टरबूज आलं. पुसेगावात ज्या लेकराला अंधार पडल्यावर घोटभर पाणी मिळत नव्हतं, तिच्यापुढं आता अर्ध टरबूज कापून ठेवायचे अन् चौघं जण ती खाईपर्यंत बसून राहायचे. सकाळी उजाडलं की व्यंकटराव हजर. अंथरुणाखाली हात घालायचा, माती चिमटीत धरून बघायचा अन् मान हलवायचा. ओलं असलं की म्हणायचा, "शाबास." आमच्या घरात ह्या गोष्टीला शाबास म्हणणारा तो पहिलाच माणूस. मोहिनी डोक्यावरून पांघरूण घेऊन तशीच पडून राहायची.

गावात बातमी पसरली. देविदास नावाचा शेजारचा शेतकरी आला, तो म्हणला माझ्या रानात आठ दिवस तरी पाठवा, मी मेंढ्यांचं धान्यबी देतो, मेंढ्या आणू नका. दत्तप्रसाद, ज्याचं खताचं दुकान हाय, तो रिकामी बाटली घेऊन आला अन् भुजंगला कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलला. मी काठी उचलली तवा तो गेला. देविदास अन् व्यंकटराव यांचं तर भांडण लागलं. गोधडी धुतलेलं पाणी बांधावरून देविदासाच्या रानात उतरतं, ते कुणाचं, ह्याच्यावर. सरपंचाला बोलावलं. सरपंचानं दोघांचं ऐकलं, उताराकडं बघितलं, अन् उन्हाळ्यात पाण्याचे वाद आपण घेत न्हाई म्हणून निघून गेला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भुजंगला लोक खुर्ची देऊ लागले. माझ्या भावाला मी ओळखते. जलमभर तो बांधावर बसला, घरात बोलावलं तर उंबऱ्याशी बसला. आता व्यंकटरावाच्या ओसरीवर त्याच्यासाठी खुर्ची, हातात कपबशी. अन् व्यंकटरावानं हळूच सांगितलं, पोरगी दोन वरीस राहिली तर शिवारातली सगळी रानं तुझ्या मेंढ्यांना चराया मोकळी, बाराही महिने. कुणाला सोडवतंय असं. एके सांजी भुजंग चांगुणाला म्हणाला, "एक वरीस थांबू. पुढच्या साली जाईल शाळंत. कुठं पळून चालली का शाळा."

मोहिनी पलीकडं मेंढीला पाणी पाजून राहिली होती. तिनं ते ऐकलं. त्या दिवशीचं सरबत तिनं मेंढीच्या बादलीत ओतलं.

सकाळी मी तिचा हात धरला अन् उपकेंद्रात नेलं. काहून नेलं म्हणाल तर मला दया आली असं न्हाई, मला राग आला. माझा राग माझ्या लेकरावर होता तोवर ठीक होतं, दुसऱ्यानं तिच्या मुताचा मालक व्हावं हे मला चाललं न्हाई. पण व्यंकटराव मोटरसायकल घेऊन मागं मागं आलाच.

उपकेंद्रात शिला सिस्टर होती. पंचवीस-तीसची, सावळी, बोलण्याला जोर असलेली. तिनं आधी मोहिनीला डबी देऊन तपासणीसाठी लघवी आणाया सांगितलं. दारात उभा असलेला व्यंकटराव म्हणाला, "सिस्टर, तेवढं तपासून झालं की परत द्या." सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं अन् दार लावून घेतलं.

लघवीत दोष काही निघाला न्हाई. मंग तिनं जे विचारलं ते मला वाटलं चुकून विचारलं. "संडासला कधी होते ग तुला?"

"चार दिवसांतून एकदा," मोहिनी म्हणली. "लई दुखतं."

"शाळेत जात न्हाईस?"

"शाळेतल्या संडासाला कुलूप असतं. चावी सरांच्या कपाटात. सायेब आले तरच उघडतात."

"मंग लघवी?"

"धरते. घरी येईस्तोवर. म्हणून पाणीच पित न्हाई शाळेत."

एवढी वर्षं लेकरू माझ्या घरात, मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच न्हाई, फक्त गोधडी तपासली.

शिला सिस्टरनं मला समजावलं, अन् मला समजंल असं समजावलं. म्हणली, पोट साफ झालं न्हाई की आतडं घट्ट भरतं, अन् ते शेजारच्या लघवीच्या पिशवीवर दाबा देतं. मंग पिशवीत जागा राहत न्हाई. ह्या लेकरांची झोपबी गाढ असते, आतून हाक आली तरी ऐकू येत न्हाई. आळस न्हाई, खोडी न्हाई, भूतबाधा न्हाई. मुद्दाम कोण असं करंल, तुमीच सांगा. आधी पोट साफ व्हायचं औषध, डॉक्टरांना विचारून देते. दिवसभर पाणी भरपूर पाजा, तहान मारू नका, फक्त झोपायच्या आधी तांब्याभर सरबत नको. जेवण झालं की संडासला निवांत बसवा, पायाखाली पाट द्या. झोपायच्या आधी एकदा लघवी, अन् अंथरुणावर पडायच्या टायमाला पुन्हा एकदा. अन् शिव्या बंद.

"कोण शिव्या देतंय," मी म्हणले.

मोहिनीनं छताकडं बघितलं.

"घराण्यात कुणाला होतं का असं?" सिस्टरनं वहीवर पेन ठेवून विचारलं. "पुष्कळदा घरातल्या कुणाला तरी लहानपणी असतंच. आईला, बापाला, मामाला, आत्याला."

"भुजंगला नव्हतं," मी म्हणले. "तिच्या आईलाबी नव्हतं."

"अजून कुणाला?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर व्यंकटराव मोटरसायकलवर बसून वाट बघत होता. "अजून कुणाला न्हाई," मी म्हणले.

रानात परत येऊन आमी सिस्टरनं सांगितलं तसं करू लागलो. पहिले आठ दिवस काही फरक न्हाई. व्यंकटराव खुशीत. मंग मोहिनीचं पोट मोकळं झालं, दोन दिवसांनी गोधडी कोरडी. मंग ओली. मंग सलग तीन दिवस कोरडी. जून लागला तवा आठवड्यातून दोनदाच ओली व्हायची. मोहिनी जेवू लागली. व्यंकटराव मातर खचला. सकाळी माती चिमटीत धरायचा अन् बोटं चोळत उभा राहायचा. "सलग चार खुंट्या कोरड्या गेल्या," तो भुजंगला म्हणाला. "त्या नर्सबाईनं माझ्या रानाचं वाटोळं केलं. तिची तक्रार करावी लागंल."

"कशाची तक्रार?" मी विचारलं.

त्यानं कोरड्या मातीची चिमूट माझ्यापुढं धरली. तो खरोखरच दुखावला होता, डोळे भरले होते त्याचे. मला हसू आलं अन् त्याचं वाईटबी वाटलं.

शाळेचा फॉर्म भरून द्यायला दोन दिवस राहिले होते. मोहिनीनं तो आपल्या हातानं भरला होता, बापाची सही तेवढी राहिली होती. त्या सांजी भुजंग व्यंकटरावाच्या ओसरीवर खुर्चीत बसला होता. देविदास होता, दत्तप्रसाद होता, अजून पाच-सहा जण होते. एक वरीस थांबायचं हे पक्कं करायलाच जमले होते, शब्द घ्यायला. चांगुणा अन् मी खाली पायरीशी. मोहिनी फॉर्म घेऊन सरळ ओसरीवर गेली अन् बापापुढं धरला. "आबा, सही करा."

भुजंगानं पेन घेतलं न्हाई. व्यंकटरावानं फॉर्म घेतला. चष्मा लावला, वाचत गेला, अन् एका जागी थांबला. तिथं मोहिनीनं काही लिहिलं नव्हतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "विद्यार्थिनीस अंथरूण ओले करण्याचा त्रास आहे काय? होय किंवा नाही." मंग सगळ्यांकडं बघून म्हणाला, "आता बोला. होय लिहिलं तर वसतिगृहवाले घ्यायचे न्हाईत. न्हाई लिहिलं तर खोटं होतंय, अन् सरकारी कागद हाय. म्हणून म्हणतो, घाई करू नये. पुढच्या साली बघू."

मोहिनीचं तोंड एवढंसं झालं. ती कोरी ओळ तिनं पंधरा दिवसांपून अशीच ठेवली होती, तेवढ्यात आपण कोरडे होऊ म्हणून.

"खाली अजून एक ओळ हाय," देविदास वाकून म्हणाला. "कुटुंबात इतर कोणास असा त्रास होता काय. असल्यास नाव, नाते व वय."

"कुणालाच नव्हता," भुजंग म्हणाला. "आमच्या घराण्यात हिलाच हाय हे."

लेकरू बापाकडं बघून राहिलं होतं. हिलाच हाय. ते दोन शब्द मला सहन झाले न्हाईत. मी पायरीवरून उठले, ओसरीवर चढले. त्या ओसरीवर मी जलमात चढले नव्हते.

"लिही," मी मोहिनीला म्हणले. "भागाबाई. आत्या. चौदा वर्षं."

भुजंग खुर्चीतून अर्धा उठला. "अक्का, काय बोलून राहिलीस?"

"तू लहान होतास, तुला काय ठाऊक. मी चौदा वर्षांची होईस्तोवर रोज गोधडी भिजवली. माझी आई मला झोपताना कुशीत कोकरू द्यायची. सकाळी बाप उठला की म्हणायची, कोकरानं केलं. बापाला खरं वाटायचं, मेंढ्यावाल्याच्या घरात कोकरावर कुणाचा संशय न्हाई. एक कोकरू मोठं झालं की दुसरं. त्यातलं एक होतं, काळ्या कानाचं. बाप म्हणाला ह्याची लघवी थांबत न्हाई, ह्याच्या आत काहीतरी बिघाड हाय, कळपाला लागंल. अन् त्यानं ते खाटकाला दिलं. ते काही बोलू शकत नव्हतं अन् मी बोलू शकत होते, पण मी बोलले न्हाई. चाळीस वरीस झाले. अजून मला मटण उतरत न्हाई, अन् लोकांना वाटतं मी माळकरी हाय."

मोहिनीचा हात मी धरला होता, तो मला सोडता येईना. "अन् ही पोरगी माझ्याकडं आली, तिला तेच झालं, तवा मी तिला जवळ घेऊन सांगाया पायजे होतं की मलाबी होत होतं. मी तिची गोधडी कुंपणावर टाकली. म्हंजी मी दुसऱ्यांदा कोकरू खाटकाला दिलं. माझं चुकलं. लिही पोरी, बराबर लिही, चौदा वर्षं. अन् वरती होय लिही. घेतलं न्हाई त्यांनी तर मी बघते त्यांच्याकडं."

मोहिनीनं पेन घेतलं अन् लिहिलं. व्यंकटराव खाकरला.

"भागाबाई," तो अदबीनं म्हणाला, "त्या चौदा वर्षांत तुमचा मेंढ्यांचा वाडा, बिऱ्हाड, कुणाकुणाच्या रानात होता, ते आठवतं का?"

दत्तप्रसाद खिशातून वही काढून राहिला होता. मी त्या दोघांकडं बघितलं अन् मला हसू फुटलं. रडता रडता हसू आलं की माणूस येड्यासारखंच दिसतं, तशी दिसले असंल. चांगुणा हसली. मोहिनी तोंडावर फॉर्म धरून हसली. भुजंग मातर हसला न्हाई. तो खुर्चीतून पुरता उठला अन् व्यंकटरावापुढं जाऊन उभा राहिला.

"व्यंकटराव, गेल्या सालच्या त्या वाफ्यात तुमच्या पाइपलाइनीचा वॉल गळून राहिला होता. थेंब थेंब, रातंदिस. मी तुमाला तवाच सांगितलं होतं. तो वाफा वरीसभर वाफशात राहिला, ना कोरडा ना चिखल, म्हणून गड्डे धरले."

"वॉल तर चार वरसांपून गळतोय," व्यंकटराव म्हणाला. "तवा काहून न्हाई आले गड्डे?"

"तवा तिथं हळद लावली होती का?"

व्यंकटराव आठवू लागला. देविदास म्हणाला तवा तूर होती. कुणी म्हणालं तूर न्हाई, सोयाबीन होतं. त्याच्यावर त्यांचं लागलं. मंग बॅटरी घेऊन सगळे वॉल बघायला गेल्या सालच्या रानात गेले, व्यंकटराव सगळ्यात पुढं. ओसरीवर आमी चौघंच राहिलो. भुजंगानं फॉर्म गुडघ्यावर ठेवला, जीभ बाहेर काढून सही केली अन् मोहिनीला म्हणाला, "खुर्ची लई टोचत होती ग मला." मंग आमी आमच्या वाघरीकडं गेलो.

पंधरा तारखेला मी तिला घेऊन हिंगोलीला गेले. पत्र्याची पेटी, नवी चादर, औषधाची बाटली. त्या आठवड्यात ती एकदाच भिजली होती, पण ते आदल्या दिवशीच, म्हणून लेकराचा चेहरा उतरलेला. वसतिगृहाच्या अधीक्षक निर्मलाबाई म्हणून होत्या, तांड्याकडच्या, जाडजूड, चष्मा डोक्यावर. आमच्या पुढं बाया रांगेनं फॉर्म देऊन राहिल्या होत्या. आमची पाळी आली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं, अन् त्या ओळीवर बोट ठेवलं. मी पदर खोचला. भांडायची माझी सगळी तयारी होती, काय काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं.

"ह्या आत्या म्हणजे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "अकरा वर्षं झाली मला इथं. दरवर्षी चाळीस मुली येतात. चाळीस फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं असतं." मंग त्यांनी खिडकीतून वर बोट केलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, कठड्याला टेकवून, गाद्या उन्हात वाळत होत्या. "सहावी-सातवीच्या मुली कालच आल्या. ही आज सकाळची परिस्थिती. होय लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मोहिनी खिडकीशी गेली. कळप मोजतो तसं बोट दाखवून दोन-दोननं मोजू लागली. एक जोडी, दोन जोड्या, तीन, चार, अन् वरती एक.

"नऊ," ती म्हणली.

"नऊ," बाई म्हणल्या.

लेकरानं आपली पेटी उचलली. मी म्हणले, थांब, जड हाय, मी घेते. तिनं ऐकलं न्हाई. पेटी डोक्यावर घेतली अन् माझ्या आधी जिना चढून गेली. मी तिच्या मागं गेले न्हाई. मी खाली व्हरांड्यात बसले अन् काळ्या कानाच्या कोकरासाठी पोटभर रडले, मंग डोळे पुसून चार वाजताची पुसेगावची बस धरली.